बापांचा बाक

मामांच्या घरात शिरलं की डाव्या हाताला एक लांब लाकडी बाक होता, आणि त्या बाकावर कायम कुणाचा ना कुणाचा बाप बसलेला असायचा. साताऱ्यातल्या इतर वकिलांकडे वाटणीची, बांधाची, वहिवाटीची माणसं यायची. आमच्याकडे बाप यायचे. बायको माहेरी निघून गेलेली, लेकरू तिच्याबरोबर गेलेलं, आणि ते लेकरू महिन्यातनं दोनदा तरी डोळ्यांना दिसावं म्हणून अर्ज करायला आलेले बाप. काही फौजेतून सुट्टीवर आलेले, ताठ बसणारे. काही पुण्याच्या कंपनीतले, सारखा मोबाइल बघणारे. काही नुसतेच बसलेले. मामी सगळ्यांना एकाच मापाचा चहा द्यायची आणि आत येऊन म्हणायची, "बाप्या माणसाला रडायला येत न्हाई नीट, नुसता शेंबूड ओढत्यात." स्वयंपाकघर आणि मामांचं ऑफिस यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. त्या पडद्याआड, पोळपाटाच्या आवाजात, गृहपाठाची वही मांडीवर घेऊन मी बसायची आणि एकेक बाप ऐकायची. आठवीतल्या मुलीनं दुसरं काहीतरी ऐकायला हवं होतं, पण आमच्याकडे टीव्ही ऑफिसच्या वेळेत बंद असायचा.

मामा अर्ज लिहायच्या आधी बापाची परीक्षा घ्यायचे. ही त्यांची पद्धत साऱ्या कोर्टात ठाऊक होती आणि तरुण वकील त्यावरून त्यांची चेष्टाही करायचे. लेकराच्या चपलेचा नंबर काय? झोपताना कुठल्या कुशीवर असतं? ताप आला की काय खायला मागतं? शाळेत शेजारी कोण बसतं? बाप अडखळला की मामा पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "समोरचा वकील हेच विचारणार. ताबा मागायचा तर कुणाचा मागतोय ते म्हाईत पाहिजे. जा, आधी बघून या." अर्धे बाप तिथंच गळायचे. आत मी मनातल्या मनात तेच प्रश्न माझ्या वडिलांना विचारायची. माझा चपलेचा नंबर तेव्हा चार होता, आणि तो माझ्या वडिलांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

आई आणि मी मामांकडे राहायला आलो तेव्हा मी साडेचार वर्षांची होते. वडील पलूसला, त्यांच्या उसात. आईची केस मामांनीच चालवली आणि ती चालवायला फारसं काही लागलं नाही, कारण वडील एकाही तारखेला आले नाहीत. नोटीस गेली, घेतली, आले नाहीत. निकाल एकतर्फी झाला आणि मी कायद्यानं आईची झाले. नंतर मामा बापांचे वकील झाले. लोक त्याची कारणं वेगवेगळी सांगत. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, बहिणीच्या पोरीचा बाप घालवला म्हणून प्रायश्चित्त घेतोय. मामांनी घालवला नव्हता, तो आपणहून गेला होता, हे मला पडद्याआड बसून चांगलं कळत होतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसा प्रकार होता खरा. साऱ्या जिल्ह्यातल्या बापांना लेकरं मिळवून देणाऱ्या घरात एक मुलगी बिनबापाची जेवत होती, आणि त्या बाकावरच्या प्रत्येक माणसाकडे बघून तिच्या पोटात दुखत होतं. माझा स्वभाव जळकुटा आहे, तो तेव्हाही होता आणि आज तिशी ओलांडल्यावरही आहे. मला त्याची लाज वाटत नाही. ज्याच्याकडे जे नाही त्याचाच हेवा तो करणार.

सिदू आला तो म्हसवडकडचा. मेंढरंवाला. दिवाळी झाली की तिकडचे लोक मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला येतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्याच्या बायकोला हे फिरतं जिणं नको होतं. तिचे भाऊ साताऱ्यात स्थायिक झालेले, ती मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली आणि परत गेली नाही. यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पालात संसार करून बघावा मग बोलावं. पण मुलगी, पूजा, सहा वर्षांची होती आणि तिचे मामा सिदूला दारात उभं करत नव्हते. ज्याला छप्पर नाही त्याच्या हाती पोर कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. सिदू बाकावर न बसता खाली घोंगडी टाकून बसला, तेव्हाच मी पडदा जरा सरकवला. तिशीतला माणूस, उन्हानं रापलेला, डोक्याला लाल मुंडासं. मामांनी परीक्षा सुरू केली. चपलेचा नंबर त्याला सांगता आला नाही, पण त्यानं तळहात पुढे करून बोटाच्या पेरावर खूण दाखवली, एवढा पाय. कुठल्या कुशीवर झोपते, तर उजव्या. ताप आला की काय मागते, तर चुलीतला भाजका कांदा. मग मामांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच तो आपणहून म्हणाला, "ढग वाजला की तिचं कान झाकायला लागत्यात, वकीलसाहेब. दोनी. एक झाकून चालत न्हाई."

मामांनी परीक्षा तिथंच थांबवली. मग त्यांनी वकीलपत्र पुढे ओढलं. मी आत बसून चवताळले होते. मलाही ढगांची भीती वाटायची, आणि माझे कान माझेच हात झाकायचे.

कोर्टानं सुरुवातीला भेटीचा आदेश दिला: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते दोन, कोर्टाच्याच आवारातल्या मुलांच्या खोलीत. हल्ली व्हिडिओ कॉलवर भेटी होतात, मुलं पडद्यावर बापाला टाटा करतात. तेव्हा बापाला यावंच लागायचं. शनिवारी माझी शाळा सकाळची. घरी येऊन मामांचा डबा कोर्टात न्यायचा, हे काम माझ्याकडे होतं, आणि त्या दिवसांत मी ते फारच मन लावून करायला लागले. त्या खोलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक घसरगुंडी आणि चाक निखळलेली सायकल होती. सिदू कळप भावाच्या गळ्यात घालून, जिथं असेल तिथून यष्टीनं यायचा. कधी वाईकडून, कधी कराडच्या बाजूनं. खोलीच्या कोपऱ्यात घोंगडी घडी करून घालायचा, तिच्यावर पूजाला बसवायचा आणि फडकं सोडायचा. बाजरीच्या कुस्करलेल्या भाकरीत गूळ-तूप घालून केलेला मलिदा, शेंगदाण्याची चटणी, माण तालुक्यातली बोरं. आणि ती पूजा! ती बोरं नको म्हणायची. तिला तिच्या मामांचा मोबाइल हवा असायचा. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी तिच्यावरून शिकले. तिचे तर पुढचे दोन दात खरोखरच पडलेले होते. बाप समोर बसून मेंढराचा आवाज काढून दाखवतोय आणि ही खिडकीतून बाहेर बघतेय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डबा दिल्यावर मी दाराशी उगाच रेंगाळायची, शिपाई हटकेपर्यंत.

एका शनिवारी त्यांनी पूजाला आणलंच नाही. तिच्या मामानं निरोप धाडला, पोरीला ताप आहे. खरा होता की खोटा, देव जाणे. मामांनी सिदूला बजावून ठेवलं होतं की वेळ संपेपर्यंत हलायचं नाही, नाहीतर उद्या म्हणतील बाप थांबलाच नाही. तेव्हा तो आपला घोंगडीवर बसून राहिला, पुढ्यात न सोडलेलं फडकं. मी दाराशी उभी होते. त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "वकीलसायबांची भाची ना गं तू? ये. बस. ह्ये परत कुठं न्हेऊ?"

मी गेले. घोंगडीवर बसले. तिला मेंढराचा, धुराचा वास येत होता. त्यानं मलिदा माझ्यापुढे सरकवला आणि मी खाल्ला. सगळा खाल्ला, बोटं चाटून. चटणी खाल्ली, बोरं खाल्ली, बिया त्याच्या तळहातावर ठेवल्या, कारण त्यानं तळहात पुढे केला होता. पूजानं परत कधीच येऊ नये, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. तिच्या तापाबद्दल मला काडीचीही काळजी नव्हती.

"तुजं वडील कुठं असत्यात?" त्यानं विचारलं.

"पलूसला. ऊस आहे आमचा."

"मग लांब न्हाई. येत असतील की."

"येतात," मी म्हणाले. "दर शनिवारी."

आज शनिवारच आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं फडक्याच्या गाठीतून उरलेला गुळाचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

त्या संध्याकाळी मी पडद्याआडून न ऐकता सरळ पुढून गेले, बाकावर बसले, आणि माझी पाळी आल्यावर मामांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हणाले, माझ्या पप्पांची केस घ्या. मामा आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढला. त्यांनी मला समजावलं, आणि एखाद्या मोठ्या माणसाला समजवावं तसं समजावलं, की कोर्टात कुणीतरी मागावं लागतं. बाप मूल मागतो, आई मूल मागते. मुलानं बाप मागायचा अर्ज त्यांनी कधी लिहिला नव्हता. "अर्जदार पायजे, आशू," ते म्हणाले. "अर्जदार कुठाय?"

आता या जागी वकिलाच्या घरात वाढलेली पोरच करेल अशी चूक मी केली. मी इतकी वर्षं बघत आले होते की वकीलपत्रावर सही होईपर्यंत माणूस नुसता बाकावर बसलेला असतो, आणि सही झाली की सगळं हलायला लागतं. अर्ज टाइप होतो, नोटीस जाते, तारीख पडते, शनिवार मिळतो. मला वाटलं, अडलंय ते फक्त सहीवर. माझ्या वडिलांना सही कुठं करायची हे कुणी दाखवलंच नाही, एवढंच. मामांच्या कपाटात कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा होता. त्यातलं एक मी दप्तरात घातलं, आईला सांगितलं की शाळेतून मैत्रिणीकडे जाते, आणि शाळा चुकवून, कराडला गाडी बदलून पलूसला उतरले. टपरीवर वडिलांचं नाव विचारलं. चहावाल्यानं वस्तीचा रस्ता दाखवला आणि विचारलं, जालिंदरची तू कोण. मी म्हणाले, मुलगी. तो म्हणाला, त्याला तर मुलगा हाय.

मुलगा होता. तीन-चार वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसलेला, त्यांचे केस लगामासारखे धरून. वडील उसाच्या ट्रॉलीमागून चालत अंगणात आले आणि मला बघून थांबले. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, पण ओळखलं. "आशू व्हय? केवडी झालीस," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर आनंद होता, तो नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांनी बायकोला हाक मारली. ती बिचारी भली बाई निघाली. घाईघाईनं शेवयांची खीर केली, नवी चटई टाकली, मला पंख्याखाली बसवलं. पोराचं नाक वाहत होतं. वडिलांनी बोलता बोलता ते आपल्या बाहीनं पुसलं, न बघता, जसं आपण आपलंच पुसतो. मी खीर खाता खाता ती बाही बघत राहिले. मग वडील उठून अंगणात गेले आणि मला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "वकीलसाहेब, पोरगी हितं आलीया. व्हय, एकटीच. काळजी करू नगा. पन न्यायला या."

मी अजून दप्तर उघडलंही नव्हतं.

मामा दुपार कलताना त्यांच्या जुन्या मारुतीतून आले. मला वाटलं रागावतील, पण ते नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवून बाजेवर बसले. तेव्हा मी ते वकीलपत्र काढलं आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. सही इथे करायची, म्हणून बोट ठेवून दाखवलं. वडिलांना काही उमजेना. मामांनी तो कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ते कागद फाडणार. पण त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पेन वडिलांच्या पुढे धरलं.

"करा सही," मामा म्हणाले. "तुमची केस मी घेतो."

"तुमच्या भनीच्या इरोदात?"

"व्हय."

आज मला कळतं की हे त्यांना करताच आलं नसतं. ज्या बहिणीची केस चालवली तिच्याच विरुद्ध उभं राहिले असते तर वकिलांच्या बारमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती, सनदेवर बेतलं असतं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं आणि तरी ते पेन धरून बसले होते. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. प्रत्येक बापाची परीक्षा घेणाऱ्या मामांनी त्या दिवशी माझ्या वडिलांना एकही प्रश्न विचारला नाही.

वडिलांनी पेन घेतलं नाही. ते म्हणाले, पोरगी तुमच्याकडं बरी हाय, शिकतीया, मी मागून काय करू. मामा म्हणाले, ताबा मागू नका, फक्त भेट मागा, महिन्यातनं दोन शनिवार. वडील ट्रॉलीकडे बघत म्हणाले, हंगाम चालू हाय. मामा म्हणाले, हंगामानंतर. बगू, म्हणाले. मग मामांनी पेनाला टोपण लावलं, आणि कोर्टात ज्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा ते मामा अगदी हळू बोलायला लागले.

"जालिंदरराव, सही ऱ्हाऊ द्या. कोर्ट बी नको. माझ्या घरी या, चहा घ्या, पोरीला बघा, जावा. भनीला मी समजावतो. तुमी नुसतं या."

"आवं, तुमी एवढं म्हंताय तर यीन की एकांदा," वडील म्हणाले.

मी वकीलपत्र उचललं, घडी घातली आणि दप्तरात ठेवलं. मामांना म्हणाले, चला. वडिलांच्या बायकोनं मला थांबवून कुंकू लावलं आणि फ्रॉकचं कापड हातावर ठेवलं. पाहुणीला रिकाम्या हातानं पाठवू नये, म्हणाली. वडिलांनी गाडीच्या डिकीत उसाची मोळी आणि काकवीचा डबा ठेवला. पोरगं आता त्यांच्या कडेवर होतं आणि मला टाटा करत होतं. मला ते पोरगं ओढून खाली उतरवावंसं वाटत होतं. कराडच्या पुढे एकदा मामांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि गाडी चालू केली.

वडील कधी आले नाहीत. एकांदाही नाही. सिदूला पुढं सुट्टीतले पंधरा दिवस आणि दर शनिवार मिळाला, आणि पूजा त्याच्याकडे हळूहळू जायला लागली, असं मामी सांगायची. मी तोवर डबा न्यायचं बंद केलं होतं. मला ते बघायचं नव्हतं.

पण त्या दिवशी पलूसहून आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आई पतसंस्थेतल्या नोकरीवरून येऊन स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मामांनी तिला फोनवर सगळं सांगितलं असावं. ती रागावली नाही, उठलीही नाही. मला म्हणाली बस, आणि जुडी अर्धी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघी पानं खुडत राहिलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तिथं काय खायला केलं होतं. मी म्हणाले, शेवयांची खीर. गोड होती का फार, म्हणाली. मी म्हणाले, होती. घर कसं आहे, ती कशी आहे, रंगानं कशी आहे, डोक्यावर पदर घेते का, असं एकेक ती मेथीकडेच बघत विचारत गेली आणि मी सांगत गेले. माझ्या आईला आठ-नऊ वर्षांत त्या माणसाचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझं काय इचारलं का गं त्यांनी?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही.

"विचारलं की," मी म्हणाले. "आई कशी आहे, म्हणाले."

"अजून?"

"केस अजून तेवढेच लांब आहेत का, म्हणाले."

आईचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ओठ दाबून धरले तरी जे हसू यायचं ते आलंच. माझ्या आईला मी तसं आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही कधी बघितलं नाही. ती दोन्ही वाक्यं मी तिथं पाटावर बसून रचली होती. पलूसमध्ये ती कुणाच्या मनातही आली नव्हती. तरी आईच्या तोंडाकडे बघून मला तिचा इतका हेवा वाटला की माझ्याच्यानं तिथं बसवेना. तिला निदान खोटं सांगणारी मी तरी होते. माझ्यासाठी तेवढंही कुणी रचलं नव्हतं. मी मेथी तिथंच टाकली आणि उठून बाहेर गेले.